माझ्याकडे आहे, पण माझे नाही

इंग्रजीतले 'हॅव' हे क्रियापद घर, भाऊ, ताप, वेळ, जेवण, फार काय 'जावेच लागेल' ही सक्तीसुद्धा एकाच मुठीत धरते. मराठीत असे क्रियापदच नाही. आपण 'असणे'वर भागवतो आणि फरक विभक्तीने किंवा शब्दयोगी अव्ययाने दाखवतो: माझ्याकडे सायकल आहे, मला ताप आहे, मला दोन भाऊ आहेत, घर माझे आहे. या सगळ्या वाक्यांत कर्ता ती वस्तू किंवा ती व्यक्ती असते. 'मी' बाजूला उभा असतो. एरिक फ्रॉम यांनी १९७६च्या 'टू हॅव ऑर टू बी?' या ग्रंथात 'हॅव'सारख्या क्रियापदाची वाढ खाजगी मालमत्तेशी जोडली. यावरून मराठी माणूस मुळातच निर्मोही, असे अनुमान काढण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. हे क्रियापद नसतानाही आपल्याकडे वतनासाठी पिढ्यान्‌पिढ्या भांडणे झाली. वतनदारांच्या लोभापासून सावध राहावे, हे मराठेशाहीतल्या राजनीतीवरच्या 'आज्ञापत्रा'ला बजावून सांगावे लागले. शिवाय हा भेद एकट्या मराठीचा नाही. भिलाईच्या कुरुद भागात मराठी घराच्या अवतीभवती हिंदी ऐकू येते. तीही 'मेरे पास', 'मुझे' आणि 'मेरा' असा भेद करते. १९५५च्या करारानंतर इथला पोलाद कारखाना उभारायला आलेल्या सोव्हिएत तंत्रज्ञांची रशियनही रोजच्या बोलण्यात 'माझ्यापाशी आहे' असेच म्हणते. लोभ मात्र या तिन्ही भाषांत सुखाने नांदला आहे.

तरीही हा भेद मला मोलाचा वाटतो, कारण अपरिग्रहाचा खरा प्रश्न त्यातून नेमका मांडता येतो. सोडायचे काय: 'कडे' की 'चे'? आहुती देताना यजमान 'न मम' म्हणतो. वस्तू माझ्याजवळ नाही असे नव्हे, ती माझी नाही असे. कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या कुटुंबाला हे समजावून सांगावे लागत नाही. भिंतींना रंग, दारात तुळस, मुलांची लग्ने, सारे त्याच घरात होते. घर मात्र नोकरीपुरते त्यांच्याकडे असते. 'चे' नसले म्हणून जिव्हाळा कमी होत नाही.

यावर रास्त आक्षेप असा, की ही श्रीमंतांची सोय झाली: तिजोरी जवळ ठेवायची आणि मन अलिप्त आहे म्हणायचे. गांधीजींच्या विश्वस्त कल्पनेवरही हाच आरोप झाला, आणि तो पोकळ नाही. पण परंपरेतच त्याचे उत्तर आहे. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. केवळ ममत्व सोडल्याचे जाहीर करून ते थांबले नाहीत. १९५१मध्ये पोचमपल्लीहून निघालेल्या विनोबांनी जमीनदारांकडे वैराग्य मागितले नाही, जमीन मागितली. देण्याची वेळ आल्यावर जे हातातून सुटत नाही, ते 'माझे'च होते, मग तोंडाने कोणतीही विभक्ती वापरलेली असो.