सीएची पहिली तारीख

बारावीचा निकाल लागला की वाणिज्य शाखेतली अनेक मुलं सीए व्हायचं ठरवतात. क्लास ठरतो, पुस्तकं येतात. तारखांकडे मात्र कुणी नीट पाहत नाही.

सीए फाउंडेशन या पहिल्या परीक्षेला दोन वेगळे अर्ज भरावे लागतात. पहिला अभ्यासक्रमाच्या नोंदणीचा, दुसरा परीक्षेचा. नोंदणी आणि प्रत्यक्ष परीक्षा यांच्या मध्ये चार महिन्यांचा अभ्यासकाळ सक्तीचा. जानेवारीत पेपर द्यायचे तर १ सप्टेंबरपर्यंत नोंदणी हवी. २०२४ पासून ही परीक्षा वर्षातून तीनदा होते, म्हणून एक संधी हुकली तरी वर्ष वाया जात नाही. शिवाय नोंदणी दहावीनंतरही करून ठेवता येते.

गुणांचा हिशेबही आधीच मांडलेला बरा. पेपर चार, प्रत्येकी १०० गुणांचे. प्रत्येकात किमान ४० आणि एकूण ४०० पैकी २०० हवेत. चारही विषयांत चाळीस-चाळीस मिळवणारा नापासच!

दोन पेपर बहुपर्यायी. तिथे चुकलेल्या उत्तराचे गुण कापले जातात, त्यामुळे अंदाजपंचे खुणा करणं महागात पडतं. उरलेले दोन लेखी, आणि माध्यम इंग्रजी किंवा हिंदी. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी नोंदणी करतानाच भाषा ठरवली, तर चारही महिने त्याच भाषेत उत्तरं लिहिण्याचा सराव होतो.