अपाय तर काही नाही ना!

आपल्याकडे चार माणसांत शिंकणे ही धाडसाची गोष्ट आहे. एक शिंक दिली की सुंठ, दोन दिल्या की सितोपलादी, आणि खोकलात तर कोणीतरी उठून आतून जेष्ठमधाच्या पावडरची बरणीच घेऊन येते. मधातून घ्यावे, तुपातून की गरम पाण्यातून, यावर थोडे मतभेद होतात, पण शेवटचे वाक्य सगळ्यांचे एकच असते, "घेऊन तर बघा, अपाय तर काही नाही ना!"

या वाक्याचा मी पुष्कळ विचार केला आहे. (खोकला झाला की झोप लागत नाही आणि झोप लागली नाही की माणूस विचार करतो.) वरवर पाहता हे वाक्य औषधाविषयी आहे, पण नीट पाहिले तर ते नीतीविषयी आहे. दुसऱ्याचे वाईट झाले नाही म्हणजे आपण चांगले केले, असा त्याचा अर्थ. हा न्याय लावला तर दिवसभर लोळत पडणारा गृहस्थ संतच ठरायचा!

बरे, अपाय नाही हे तरी खरे का? जेष्ठमधाला संस्कृतात यष्टिमधु म्हणतात, म्हणजे मधाची काठी. तिच्यातले ग्लिसिरायझिन नावाचे द्रव्य साखरेच्या कितीतरी पट गोड असते. घशाला त्याने आराम पडतो; गवई मंडळी काडी चघळतात ती उगीच नव्हे. पण हेच द्रव्य रोजच्या रोज भरपूर पोटात गेले, तर अंगात मीठ-पाणी साठते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब चढतो. घसा आणि रक्तदाब एकाच देहात बिऱ्हाड करून आहेत, त्याला जेष्ठमध तरी काय करणार?

सर्पगंधेचेही तेच. मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकिलांनी १९४९ साली तिच्या मुळीचा रक्तदाबावरचा गुण ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडला, १९५२ मध्ये तिच्यातून रेसरपिन वेगळे काढले गेले आणि जगभर रक्तदाब उतरू लागले. पुढे काही रोग्यांचे रक्तदाबाबरोबर मनही उतरते, अशा नोंदी होऊ लागल्या. ज्याच्या अंगी काही घडवण्याची ताकद, त्याच्या अंगी बिघडवण्याचीही असायचीच. चरकसंहितेनेच सांगून ठेवले आहे की नीट योजले तर तीव्र विषाचेही औषध होते आणि भलतेच वापरले तर औषधाचेही विष होते. आयुर्वेदाला अपाय नसतो, हे आयुर्वेदाने कुठेच म्हटलेले नाही. ते आपण त्याच्या वतीने परस्पर म्हणतो.

आमच्या आज्यांना हे पक्के ठाऊक होते. बाळगुटी करताना सहाणेवर मुरडशेंगेचे वेढे किती, वेखंडाचा किती, हे त्या मोजून ठरवीत, आणि मूल मोठे होई तसे वेढे बदलत. आता सहाण माळ्यावर गेली आणि तिच्या जागी आला चमचा. हा चमचा चहाचा की पोह्यांचा, हे कोणी सांगत नाही. आजीचे औषध आपण घेतले, तिचे माप मात्र सहाणेबरोबर माळ्यावर टाकले.

माझ्या एका मावशीला रक्तदाबाची गोळी चालू होती. गोळी वाढत गेली तरी रक्तदाब हटेना. एकदा तिच्या ओट्यावर मला जेष्ठमधाची बरणी दिसली.

"हे डॉक्टरांना सांगितलंस का गं?"

"त्यांना काय सांगायचं? त्यांनी विचारलं, आणखी कुठलं औषध घेता का. मी म्हटलं, नाही. हे औषध थोडंच आहे!"

"मग घेतेस कशाला?"

"अरे, खोकल्यावर औषध आहे ना!"

म्हणजे डॉक्टर गोळी वाढवत होते आणि मावशी चमचा. दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता. डॉक्टरांना कळल्यावर त्यांनी चमचा बंद केला आणि काही आठवड्यांत रक्तदाब ताळ्यावर आला. पण तोवर तिला एखादा झटका आला असता तर?

ती बरणी शेजारच्या काकूंनी दिलेली, आणि अगदी मनापासून. आता दोष द्यायचा तर कोणाला? डॉक्टर फी घेतात, म्हणून त्यांना जाब विचारता येतो. काकूंना कसा विचारणार? उलट बरणी परत करताना रिकामी देऊ नये म्हणून तिच्यात चार लाडू घालावे लागतात! गुण आला तर श्रेय काकूंचे, न आला तर, "पथ्य पाळलं नसेल तिनं." असा दोन्हीकडून सुरक्षित व्यवहार जगात दुसरा नसेल.

मला काकूंची माया खोटी वाटत नाही. पण माया मनातून येते आणि औषध पोटात जाते, आणि पोटाला देणाऱ्याचा हेतू कळत नाही. फुकट दिले म्हणून जबाबदारी फुकटात सुटत नाही. चमचा पुढे करणाऱ्याने अगोदर एवढेच विचारावे, "तुम्हाला आणखी काय काय चालू आहे?" आणि घेणाऱ्याने डॉक्टरांपुढे बरणीचेही नाव घ्यावे. वाटल्यास मधातून घ्यावे, तुपातून घ्यावे. त्याला मात्र खरोखरच काही अपाय नाही.