क्षमा, वाद्यवृंद आणि भरलेल्या खुर्च्या

सप्टेंबर १९४७ मध्ये एडिंबरोच्या अशर हॉलमध्ये ब्रूनो वॉल्टर यांनी व्हिएन्ना फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाचे संचालन केले. एडिंबरो आंतरराष्ट्रीय महोत्सवाचे ते पहिलेच वर्ष. १९३८ मध्ये नाझी जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर ज्यू असलेले वॉल्टर व्हिएन्नाला पारखे झाले होते. नऊ वर्षांनंतरची ही भेट समेटाचा सोहळा म्हणून ओळखली जाते. परंतु मैफलीत क्षमा केली जाते असे म्हणता येईल काय? येत असेल, तर ती कोण कोणाला करतो?

मराठी समीक्षेतील कलावाद-जीवनवादाचा वाद मुख्यत्वे शब्दकलेभोवती फिरला. शब्दाला आशय असतो आणि आशयाला नीतीच्या कसोटीवर घासून पाहता येते. वाद्यसंगीताबाबत ही सोय नाही. मर्ढेकरांच्या परिभाषेत बोलायचे तर संवाद, विरोध आणि समतोल या लयींनी सिद्ध होणारी रचना कोणाही कुशल वादकाच्या हातून तितकीच सिद्ध होते. पक्षसदस्यत्व स्वरांत ऐकू येत नाही. यावरून संगीत निर्दोष ठरवणे सोपे आहे. मात्र हा निष्कर्ष रचनेपुरता खरा. वाद्यवृंद ही रचना नव्हे, संस्था आहे.

या संस्थेने १९३८ मध्ये आपल्या ज्यू वादकांना दूर केले. त्यांच्यापैकी सात जण छळाचे बळी ठरले. पाच जणांचा अंत हद्दपारीनंतर छावण्यांत झाला. १९४२ मध्ये १२३ वादकांपैकी ६० नाझी पक्षाचे सदस्य होते. तरीही वाजवणे थांबले नाही, आणि येथेच वाद्यवृंदाच्या स्वरूपातील एक गोष्ट उघड होते. स्वरलिपीला अमुक इतकी व्हायोलिने लागतात. कोणाची, हे ती विचारत नाही. रिकामी झालेली खुर्ची पुढच्या मैफलीपर्यंत भरावीच लागते, आणि भरल्यावर नाद पूर्ववत होतो. म्हणजे ज्या गुणामुळे वाद्यवृंद पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, त्याच गुणामुळे गैरहजेरी ऐकू येईनाशी होते. श्रोत्याला जे सातत्य वाटते, ते हकालपट्टी झालेल्याच्या दृष्टीने पुसून टाकणे असते. ‘आमचा नाद माहलरच्या काळापासून चालत आला आहे’ असा वारसा सांगणाऱ्या संस्थेला १९३८ चा वारसा मात्र त्या वेळच्या व्यक्तींचा, असे म्हणता येणार नाही. वारसा अखंडच घ्यावा लागतो.

त्या महोत्सवात माहलरचे ‘दास लीड फॉन डेअर एर्डे’ सादर झाले. नाझी राजवटीत माहलर निषिद्ध होता. गायिका कॅथलीन फेरियर यांना अश्रूंमुळे अखेरचे शब्द उच्चारता आले नाहीत, अशी आठवण नेव्हिल कार्डस यांनी सांगितली आहे. ते अश्रू खोटे नव्हते. परंतु भावविरेचनालाच न्याय समजण्याची चूक अशा उत्कट क्षणीच होत असते.

संगीत आणि क्षमा या दोन्ही विषयांवर लिहिणाऱ्या व्लादिमीर जांकेलेविच यांनी युद्धानंतर जर्मन संगीताकडे पाठ फिरवली. त्यांच्या मते, अन्याय सोसलेल्याच्या वतीने इतर कोणी क्षमा करू शकत नाही; शिवाय क्षमा आधी मागितली जावी लागते. मैफलीत मागणे घडत नाही, वाजवणे घडते. वॉल्टर यांना स्वतःवरील अन्याय विसरण्याचा अधिकार निःसंशय होता, आणि तो त्यांनी मोठ्या मनाने वापरला. मृतांच्या वतीने मात्र त्यांना तसे करता येत नव्हते. श्रोत्यांनी ते त्यांच्याकडून झाले असे मानून घेतले. (नकार देणाऱ्या जांकेलेविच यांच्याजवळ तरी मृतांचे मुखत्यारपत्र कुठे होते, हा आक्षेप रास्त आहे. पण नकारामुळे खुर्ची निदान रिकामी दिसत राहते.)

वाद्यवृंदाने इतिहासकारांकरवी आपला नाझीकालीन वृत्तान्त प्रसिद्ध केला तो २०१३ मध्ये, आणि अर्थातच शब्दांत. जानेवारी १९३८ मध्ये वॉल्टर यांनी याच वाद्यवृंदाकडून माहलरची नववी सिंफनी वाजवून घेतली, तेव्हा प्रमुख व्हायोलिनवादकाच्या आसनावर माहलरचे मेहुणे आर्नोल्ड रोझे होते. त्यांची कन्या आल्मा १९४४ मध्ये आउश्वित्झ येथे मरण पावली. रोझे स्वतः निर्वासित म्हणून लंडनमध्ये राहिले आणि १९४६ मध्ये, एडिंबरोच्या त्या मैफलीच्या आदल्या वर्षी, तेथेच वारले.