चलचित्राचा जीर्णोद्धार

वस्तूचे द्रव्य राखले की वस्तू राखली गेली, ही समजूत पाषाणमूर्ती आणि ताम्रपट यांच्याबाबत सहसा निभावून जाते. परंतु व्हिडिओ कला, म्हणजे चलत्‌ प्रतिमा आणि ध्वनी हेच माध्यम मानणारी कला, संग्रहालयात आणू पाहणाऱ्या अभिरक्षकाला ती समजूत सोडावी लागते. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये बार्बरा लंडन यांनी १९७० च्या दशकापासून या कलेला स्थान मिळवून दिले. मुंबईत अकबर पदमसी यांनी १९६९ साली आरंभलेल्या व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉपमध्ये नलिनी मलानी यांनी फिल्मचे प्रयोग केले आणि १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर उर्दू कथाकार मंटोंच्या कथेवरून ‘रिमेंबरिंग टोबा टेक सिंग’ ही मांडणी रचली, जिच्यात भिंतींवरील प्रक्षेपणांबरोबर पत्र्याच्या ट्रंकांमध्ये ठेवलेले पडदेही होते.

अशा कृतीची फीत झिजते, यंत्रे कालबाह्य होतात आणि प्रतिमा नव्या माध्यमात उतरवावी लागते. तेव्हा उरते ती तीच कृती असते काय? नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे तत्त्वज्ञ, याचे उत्तर प्रत्यभिज्ञेने, म्हणजे ‘हे तेच’ या ओळखीने देतात आणि तिच्या आधारे वस्तूचे स्थैर्य सिद्ध करतात. क्षणभंगवादी बौद्धांच्या मते प्रत्येक वस्तू क्षणोक्षणी नष्ट होते, ‘तेच’ वाटते तो केवळ संतान, म्हणजे कार्यकारणाने जोडलेला प्रवाह असतो, आणि दिव्याची ज्योतही क्षणोक्षणी नवी असूनही एकच भासते. पडद्यावरची प्रतिमा दर सेकंदाला अनेकदा नव्याने उमटत असल्यामुळे येथे बौद्धांचे पारडे जड वाटते. तथापि सदोष प्रतही त्याच प्रवाहातून निघते, म्हणून निष्ठावान प्रत कोणती, हे केवळ प्रवाहाच्या आधारे ठरत नाही.

ही उणीव आगमांतील जीर्णोद्धारविधी भरून काढतो. भग्न मूर्तीतील देवतेचे सान्निध्य मंत्रांनी जलपूर्ण कलशात आणले जाते, जुनी मूर्ती जलात विसर्जित होते आणि नव्या मूर्तीत त्या सान्निध्याची प्रतिष्ठा केली जाते. द्रव्य बदलूनही देवता तीच मानली जाते, कारण संक्रमणाला नियम असतात आणि त्याचे उत्तरदायित्व अधिकारी व्यक्तीवर असते. त्याच न्यायाने अभिरक्षकाला कलावंताकडून ट्रंका अनिवार्य आहेत की नाहीत, ध्वनी किती असावा, पडद्याचा प्रकार बदलला तर चालेल काय, हे जाणून लिहून ठेवावे लागते.

साम्य मात्र येथवरच आहे. सांगलीत विष्णुदास भावे यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणले, तेव्हापासून मराठी नाटक प्रत्येक प्रयोगात नव्याने घडत आले असून प्रयोगाप्रयोगातील फरक प्रेक्षक स्वीकारतो. व्हिडिओ कृतीतील असा फरक मात्र कलावंताच्या निर्णयाला छेद देऊ शकतो, आणि विधीला असतो तसा शास्त्राचा आधार अभिरक्षकापाशी कलावंताच्या पश्चात उरत नाही. त्यामुळे कृतीचे एकत्व हा द्रव्यात सापडणारा गुण नसून विवेकाने स्वीकारलेले दायित्व ठरते, आणि ते स्वीकारताना चूक होण्याची शक्यताही स्वीकारावी लागते.