पोर नेण्याचा अधिकार

मागील हिवाळ्यात आमच्या उंद्री गावाबाहेर फासेपारध्यांची तीन पाले उतरली होती. त्यांपैकी एका पालात सात-आठ वर्षांची एक पोर होती. तिच्या अंगावर धड वस्त्र नव्हते, आणि शाळेची पायरी ती कधी चढली नव्हती. मंडळीतील भगिनींस तिची दया आली. त्यांनी ज्वारी व लुगडी नेऊन दिली, आपसांत वर्गणी जमविली, आणि पोरीस दूरच्या एका बोर्डिंगात ठेवावे असे ठरविले. आईस हे कळविण्याचे काम आम्हांकडे आले. तिने सर्व ऐकून घेतले व एवढेच विचारले, "बाबा, मी भेटाया आले तर मला तिथं आत घेतील का?" घेतील, असे आम्ही म्हणालो खरे, पण आम्हांस ते ठाऊक नव्हते, आणि तिनेही ते ओळखले असावे. दुसऱ्या दिवशी पहाटे पाले उठून गेली होती.

"ह्या लोकांना उपकार कळत नाही," असे मंडळीतील एक वडील म्हणाले. त्या दिवशी आम्हांसही तसेच वाटले. पुढे मात्र मनात एक प्रश्न घोळू लागला, तो वाचकांपुढे ठेवितो. हेतू चांगला असला म्हणजे दुसऱ्याच्या लेकराचे काय करावे हे ठरविण्याचा अधिकार आपणांस मिळतो काय?

सन 1871 मध्ये इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला व पुढे त्याखाली पुष्कळ जमातींस जन्मतःच चोर ठरविले. 1911 च्या कायद्याने तर त्यांची मुले आईबापांपासून काढून सुधारशाळांत घालण्याची सत्ता सरकारास मिळाली. ह्या जमातींच्या कित्येक वसाहती सरकारच्या वतीने मुक्तिफौजेने चालविल्या. चालविणारे दुष्ट होते असे आम्ही म्हणत नाही. पोरांस अन्न, अक्षरओळख व धंदा मिळावा असेच त्यांच्या मनात असेल. आमच्या भगिनींच्या मनात तरी दुसरे काय होते? कायदा 1952 साली रद्द झाला. परंतु पालाच्या तोंडाशी पांढऱ्या कपड्यांतला माणूस उभा राहून पोरीविषयी बोलू लागला म्हणजे पारधी आईचे काळीज का हलते, हे आम्हांस आता थोडे उमगते.

ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवाशांची कथा ह्याहून भयंकर आहे. सुमारे 1910 पासून 1970 पर्यंत तेथे सरकारी अंमलदारांनी व मिशनांनी त्यांची मुले आईच्या कुशीतून नेली. 1997 सालच्या चौकशीच्या अहवालात अंदाज दिला आहे की, दहांत एक ते तिहांत एक इतकी मुले अशी नेली गेली. 13 फेब्रुवारी 2008 रोजी तेथील पंतप्रधानांनी पार्लमेंटात उभे राहून क्षमा मागितली. त्याच देशात सिडनी शहराच्या रेडफर्न भागात 1971 साली त्या लोकांनी स्वतःचा दवाखाना काढला. अडचणीतील कुटुंबांस हात देणाऱ्या त्यांच्या स्वतःच्या संस्था आज तेथे पुष्कळ आहेत. मूल आपल्या घरी, नाहीतर आपल्या नातलगांत राहावे, हा त्यांचा पहिला आग्रह असतो.

कोणी उपदेशकबंधू विचारतील, लेकरू मरावयास टेकले असता आईच्या होकाराची वाट पाहत बसावे काय? नाही. मरणाच्या दारी कोणीही हात आखडू नये. पण आमच्या गावची पोर मरत नव्हती. ती गरीब होती. ह्या दोहोंत आपण फार घोटाळा करितो. आणि जेथे खरोखर लेकरे मरत होती त्या मेळघाटात काय झाले पाहा. डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे ह्या दांपत्याने बैरागडास आपलेच बिऱ्हाड नेले. 2019 साली त्यांस पद्मश्री मिळाली. कोरकूंस मात्र हाकेच्या अंतरावर डॉक्टर मिळाला, ही गोष्ट आम्हांस मोठी वाटते. फारोच्या कन्येचेही आम्हांस नवल वाटते. राजाची मुलगी ती. पाण्यातले मूल तिने आपले म्हटले, तरी दूध पाजावयास ते त्याच्याच आईच्या हाती दिले, व वर तिला वेतन दिले! तिला ती आई आहे हे ठाऊक नव्हते म्हणा.

यंदा त्यांतील दोन पाले पुन्हा आली आहेत. पोर धड आहे, उंच झाली आहे. ह्या खेपेस आम्ही रिकाम्या हाताने गेलो व काय पाहिजे ते विचारले. आईने अंगणवाडी मागितली नाही, धान्यही नाही. तिला जातीचा दाखला पाहिजे. तो असला म्हणजे पोर गावच्याच शाळेत जाईल व पुढे सवलतही मिळेल, असे तिला कोणी सांगितले आहे. शाळेसाठी दाखला अडत नाही, हे आम्ही तिला समजाविले, व गुरुजींशी बोलून पोरीचे नाव घातले. सवलतीचे मात्र तिचे खरे आहे. चिखलीस तहसिलीत तिच्या नवऱ्याबरोबर दोनदा जाऊन आलो. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वी घराणे कोठे राहत होते ह्याचा कागद मागतात. ज्यांच्या आजास कोणत्याही गावी टिकू दिले नाही, त्यांनी तो कोठून आणावा? आजा अमडापुराकडे ढोरे राखीत असे एवढेच त्यास आठवते. त्या बाजूच्या बंधूंनी आपल्या गावच्या शाळेची जुनी दाखलखारीज वही व कोतवाल बुकाची नक्कल पाहण्याची तसदी घ्यावी, आणि काही आढळल्यास आम्हांस कळवावे. पाले होळीपर्यंत येथे आहेत.