उसने रसग्रहण

नसलेले आहे म्हणून सांगणे म्हणजे असत्य, हे आपण मुलांस अगदी लहानपणी शिकवितो. मग दहावीचा विद्यार्थी ‘या ओळी माझ्या मनाला भिडतात’ असे मार्गदर्शिकेतून पाठ केलेले वाक्य उत्तरपत्रिकेत उतरवितो, आणि त्या ओळी मनाला भिडणे तर दूरच, त्यांचा अन्वयही त्यास लागलेला नसतो, तेव्हा त्यास काय म्हणावयाचे? असत्य म्हणावे तर त्याबद्दल त्यास गुण मिळतात व घरी पेढे वाटले जातात. हा प्रश्न केवळ अध्यापनपद्धतीचा नव्हे. तो नीतीचा आहे.

२०१८ साली दहावीची नवी ‘कुमारभारती’ आली आणि २०१९ च्या परीक्षेपासून प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आली. हेतू स्तुत्यच होता. घोकंपट्टी मागे पडावी, मुलाने उतारा स्वतः वाचावा, त्यावर स्वतःचे मत द्यावे, कवितेचे रसग्रहण करावे, अशी ही योजना. परंतु बाजार शिक्षणखात्याहून चपळ असतो. थोड्याच काळात ‘स्वमत’ही तयार मिळू लागले. दुसऱ्याने लिहिलेले स्वमत! या शब्दप्रयोगातील विनोद कोणास जाणवला असेल असे वाटत नाही. त्या पहिल्याच वर्षी भाषाविषयांचे तोंडी परीक्षेचे २० गुणही काढलेले होते. राज्याचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर घसरला, ओरड झाली, आणि ते गुण परत आले. चर्चा झाली ती गुणांची. मुलांस वाचता येते की नाही, याची फारशी झाली नाही.

सगळा दोष विद्यार्थ्यांच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे होईल. तळवड्याचेच पाहा. एकीकडे सॉफ्टवेअर पार्क, दुसरीकडे लहानमोठे कारखाने, आणि पोटासाठी दूरदूरच्या जिल्ह्यांतून व परप्रांतांतून आलेली कुटुंबे. ज्या घरी मराठी कवितेचा अर्थ विचारावा असे कोणी नाही, त्या घरच्या मुलाला मार्गदर्शिका ही आंधळ्याची काठीच होय. ती टाकून दे, असे सांगण्याचा अधिकार पुस्तकांनी कपाट भरलेल्या घरांस तर मुळीच नाही; कारण तेथेही मूल कवितेपाशी अडले की आपण त्याच्याजवळ बसत नाही, त्यास शिकवणीला धाडतो.

यावर कोणी म्हणेल, अनुकरणावाचून विद्या कोणती आली आहे? आणि पाठांतराची एवढी निंदा कशास? आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर तळवड्याच्या शेजारीच, त्याच इंद्रायणीच्या काठी, देहूस मिळते. तुकोबांची गाथा १८६९ व १८७३ साली सरकारी आश्रयाने दोन भागांत छापली गेली; त्याआधीची दोन शतके ती वह्यांतून आणि त्याहून अधिक लोकांच्या मुखांतून वाहत आली. वारकऱ्याचेही पाठांतरच. पण तो पाठ करतो तो अभंग. निरूपण ज्या त्या कीर्तनकाराचे निराळे असते, आणि ऐकणाऱ्यास अर्थ पटतो तो त्याच्या वयाप्रमाणे व भोगल्याप्रमाणे. शाळेत आम्ही नेमके उलट केले आहे. कविता परीक्षेनंतर विसरली तरी चालते. पाठ करावयाचे ते निरूपण. मूळ धान्य टाकून कोंडा साठविण्याचा हा प्रकार आहे.

आपल्या साहित्यशास्त्राने रसाचा अधिकारी ‘सहृदय’ मानला. रस हा दुसऱ्याच्या वतीने घेता येत नाही. जेवण त्यानेच जेवावे लागते. म्हणून वाटेल तो अर्थ खरा, असे मात्र नव्हे. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये हे रसग्रहणाचे ठरीव मुद्दे वाईट नाहीत. पण प्रत्येक विधानापुढे ‘कोणत्या शब्दावरून?’ हा प्रश्न उभा राहिला पाहिजे. ज्यास तो शब्द दाखविता येतो त्याचे मत परीक्षकाच्या मताशी न जुळले तरी ते मत आहे. आणि जो लिहितो की ‘तिसऱ्या ओळीतील या शब्दापाशी मी अडलो, कारण मागील ओळीशी त्याचा मेळ बसत नाही’, त्याने सुंदर उसन्या परिच्छेदापेक्षा अधिक वाचन केलेले आहे. त्यास गुण देण्याची सोय आमच्या नमुना-उत्तरांत असावी. गठ्ठे तपासणाऱ्या शिक्षकास हे जड जाईल, दोन परीक्षकांचे गुणही जुळणार नाहीत, पालक तक्रार करतील. ही अडचण खरी आहे, आणि तिचे पूर्ण उत्तर आमच्यापाशी नाही. तूर्त निदान नववीच्या वर्गात, जेथे मंडळाची परीक्षा नसते, एवढे तरी करून पाहता येईल.