वाटेत अडकलेलं दान कुणाचं?

मराठवाड्यातल्या केज तालुक्यातलं नांदूरघाट १९४८ साली निजामाच्या राज्यात होतं. तेव्हा भारत सरकारने हैदराबाद संस्थानाची आर्थिक नाकेबंदी केली होती, आणि औषधंसुद्धा मिळेनाशी झाल्याची निजाम सरकारची ओरड होती. सप्टेंबरात भारतीय लष्कराची पोलीस ॲक्शन झाली. ती नाकेबंदी पुढे निजामाच्या पाठीराख्या रझाकारांच्या आठवणींखाली दबून गेली, ते साहजिकच. पण तिच्यातला धर्माचा, म्हणजे न्याय-अन्यायाचा, प्रश्न मिटला नाही. पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर, २ मे २०२५ रोजी भारताने पाकिस्तानातून येणारं टपाल आणि पार्सलं बंद केली. त्याआधी ऑगस्ट २०१९ मध्ये पाकिस्तानने भारताशी टपालव्यवहार थांबवला होता. दोन राज्यांच्या भांडणात मधेच अडकलेली वस्तू कुणाची, आणि तिचा जाब कुणाला विचारायचा?

भेट म्हणून पाठवलेली वस्तू हे दानच, आणि दान कधी पुरं होतं यावर धर्मशास्त्रात वाद आहे. याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिणारा विज्ञानेश्वर चालुक्यांच्या कल्याणीचा, म्हणजे आजच्या बसवकल्याणचा, मराठवाड्याचा शेजारीच. त्याच्या मते दात्याने हक्क सोडला एवढ्याने दान पुरं होत नाही, घेणाऱ्याने ते स्वीकारावं लागतं. बंगालचा जीमूतवाहन म्हणतो, दात्याने सोडलं की झालं. मला विज्ञानेश्वर पटतो, आणि जागतिक टपाल संघाचा नियमही त्याच्याच बाजूचा आहे: कायद्याने जप्त झालेली वस्तू वगळता, हाती पडेपर्यंत टपाल पाठवणाऱ्याच्याच मालकीचं. म्हणजे वाहून नेणारा नुसता ठेवदार. ठेव राजाने, दैवाने किंवा चोराने नेली तर ठेवदाराकडून भरपाई घेऊ नये, असं याज्ञवल्क्य सांगतो. ही सूट रास्त आहे. येमेनमधल्या हुथी बंडखोरांच्या हल्ल्यांमुळे २०२३ च्या अखेरीपासून जहाजं लाल समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घालू लागली, त्यात टपाल खिडकीवर पावती फाडणाऱ्या कारकुनाचा काय दोष? मात्र सूट ठेवदाराला आहे, राजाला नाही. स्मृतीने तर राजाला चोराच्या पंगतीला बसवलंय! युद्धाचं नाव निघालं की सरकारं स्वतःचा निर्णय गारपिटीसारखा वरून पडल्याचं भासवतात. गारपिटीला जाब विचारता येत नाही. आदेशावर सही करणाऱ्याला विचारता येतो.

यावर आक्षेप तगडा आहे. याच १९४८ साली सिडनी कॉटन नावाचा वैमानिक नाकेबंदी चुकवून कराचीहून निजामाकडे विमानाने शस्त्रं पोचवत होता. खोक्यात लाडू आहेत की काडतुसं, हे बाहेरून कसं कळणार? बरोबर. म्हणून तपासण्याचा, संशयावरून अडवण्याचा राज्याचा हक्क मी मान्य करतो. पण सरसकट बंदी हे तपासणीचं काम टाळणं झालं. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा करारात शत्रुपक्षाच्या नागरिकांसाठीही औषधं आणि पूजासाहित्य जाऊ द्यावं असं कलम २३ आहे, गैरवापराची रास्त भीती असेल तर रोखण्याच्या मुभेसह. कलम २५ घरच्यांच्या खुशालीच्या निरोपाला वाट देतं. म्हणजे निवड करता येते, हे युद्ध भोगलेल्या राष्ट्रांनीच लिहून ठेवलंय. ‘पलीकडचे आपले कोण?’ हा दुसरा आक्षेप मला पोकळ वाटतो. कराचीत मराठी बोलणारी, गणपती बसवणारी कुटुंबं आहेत. आणि ती मराठी नसती तरी आजारी माणसाचं औषध औषधच राहिलं असतं. सरकारांनी गरज पडली तर बंदी जरूर घालावी, पण अडकलेली वस्तू पाठवणाऱ्याला किती दिवसांत परत मिळेल आणि औषध व पत्र कुठल्या वाटेने सोडलं जाईल, हे त्याच आदेशात लिहावं.